शांत मधमाशीचा इतिहास : एक पळालेला थवा, एक बदनाम शास्त्रज्ञ आणि एक बेट

१/
१९५७ साली ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांतातील रिओ क्लारो या गावाजवळून २६ राणीमाश्या आपापल्या लवाजम्यासह रानात उडून गेल्या. घटना एवढीच. परंतु पुढच्या ३३ वर्षांत त्यांच्या वंशजांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची दक्षिण सीमा गाठली. वाटेत माणसे आणि गुरे दगावली, असंख्य मधपाळांनी धंदा सोडला आणि एका थोर शास्त्रज्ञाच्या नावाला कायमचा डाग लागला. हा धागा त्या उड्डाणाचा आहे, आणि त्यामागच्या एका जुन्या प्रश्नाचाही : मधमाशी शांत की तापट, हे ठरवते कोण?

२/
प्रारंभी एक भेद स्पष्ट असावा. महाराष्ट्रात मधमाशीचा राग म्हटला की कड्याकपारीला लोंबणारे आग्या मोहोळ आठवते, आणि शांतपणा म्हटला की झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत नांदणारी सातेरी. पण आग्या आणि सातेरी या दोन निरनिराळ्या जाती आहेत. येथील कथा एकाच जातीची आहे : एपिस मेलिफेरा, म्हणजे युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियाची मूळची मधमाशी. या एका जातीच्या दोन डझनांहून अधिक उपजाती आहेत. रंग, जिभेची लांबी, हिवाळा काढण्याची रीत यांत त्या भिन्न आहेत, आणि स्वभावातही.

३/
मधमाशीचा ‘स्वभाव’ म्हणजे एकेकट्या माशीचा राग नव्हे; तो संपूर्ण वसाहतीचा गुण आहे. दारावरची पहारेकरी माशी डंख मारते तेव्हा नांगीजवळून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. त्यातील मुख्य द्रव्य आयसोपेंटिल ॲसिटेट असल्याचे १९६२ मध्ये सिद्ध झाले. हा वास म्हणजे धोक्याची घंटा. ती ऐकून किती माश्या बाहेर पडतात, किती वेगाने पडतात आणि शत्रूचा किती दूरवर पाठलाग करतात, यावरून वसाहत शांत की तापट हे ठरते. एका डंखातील विष दोन्हींकडे जवळजवळ सारखेच असते. फरक पडतो तो डंखांच्या संख्येत.

४/
शेकडो वर्षे शांत माशी हवी असे युरोपात फारसे कोणाला वाटलेच नाही, कारण तिची गरजच नव्हती. उत्तर युरोपातील शेतकरी गवताच्या विणलेल्या टोपलीत माश्या ठेवी. शरद ऋतूत त्यांतल्या काही टोपल्या निवडून खाली गंधक जाळला जाई. सगळी वसाहत मरे आणि मग पोळे कापून मध काढला जाई. जिवंत पोळ्यात माणसाचा हात जवळजवळ जातच नसे. जी माशी वर्षअखेर मारायचीच, तिचा स्वभाव कोण पाहणार?

५/
हे चित्र बदलले ते एका फटीमुळे. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हेरले की, साधारण आठ-नऊ मिलिमीटरची मोकळी जागा ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत. येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. तेवढी फट राखून त्यांनी पेटीत सुट्या चौकटी टांगल्या आणि १८५२ मध्ये त्या रचनेचे एकस्व घेतले. आता एकही माशी न मारता चौकट उचलता येत होती, पाहता येत होती, परत ठेवता येत होती.

६/
या पेटीने मध वाढवला, आणि त्याबरोबर माणसाचा उघडा हातही पोळ्यात नेला. आठवड्याला पेटी उघडणाऱ्याला चौकटीवर संथ बसून राहणारी माशी आणि अंगावर झेपावणारी माशी यांतला फरक पैशांत मोजता येऊ लागला. धुराचा उपयोग होताच : धुरामुळे माश्या मध पिऊन पोट भरून घेतात आणि धोक्याचा वास दबतो. पण धूर तात्पुरता. कायमचा उपाय म्हणजे मुळातच शांत वाण. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर अशा वाणाचा शोध सुरू झाला.

७/
पहिला मान आल्प्सच्या आग्नेय टोकाला, कार्निओला प्रांताला मिळाला. म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाला. येथील करड्या माशीची संथ वृत्ती प्रसिद्ध होती. याच भूमीतील आंतोन यान्शा यांना सम्राज्ञी मारिया तेरेझाने व्हिएन्नात मधुमक्षिकापालनाचे शिक्षक नेमले होते. यान्शा १७७३ मध्ये निवर्तले. २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो. पुढे रेल्वे आली आणि ही करडी माशी लाकडी खोक्यांतून मोठ्या प्रमाणात युरोपात व बाहेर जाऊ लागली.

८/
दुसरा मान इटलीच्या पिवळ्या माशीचा. सायलेशियातील धर्मगुरू यान झिएर्झोन यांनी १८५३ मध्ये व्हेनिसकडील एक वसाहत मागवली. नर माशी अफलित अंड्यातून जन्मते, हा सिद्धान्त त्यांनी आधीच मांडला होता. पिवळ्या राणीचा काळ्या नरांशी संग झाला तरी तिचे पुत्र पिवळेच निघत. रंगाचा हा पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहिला. शास्त्राला पुरावा मिळाला, आणि मधपाळांना देखणी, कष्टाळू व हाताळायला सोपी माशी मिळाली. १८५९-६० च्या सुमारास ती अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत पोहोचली.

९/
तिथे आधीपासून वायव्य युरोपातून नेलेली काळी माशी होती. ही काटक आणि थंडीला चिवट. पण पेटी उघडली की चौकटीवरून सैरावैरा पळणारी आणि चटकन डंख मारणारी. इटालियन राणी विकत घ्यायची, काळी राणी काढून तिच्या जागी ही बसवायची, आणि काही आठवड्यांत जुन्या कामकरी माश्या आयुष्य संपून गेल्या की संपूर्ण पेटीचा स्वभाव पालटायचा! राणी विकण्याचा स्वतंत्र व्यवसाय यातूनच भरभराटीला आला. स्वभाव ही आता टपालाने मागवण्याची वस्तू झाली.

१०/
पण एक अडचण कायम होती. राणीमाशी पेटीत नव्हे, उंच हवेत संग करते. तोही एकाशी नव्हे, तर साधारण दहा ते वीस नरांशी. बैल निवडता येतो, घोडा निवडता येतो. आकाशातला नर कसा निवडायचा? आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यांवर शोधणारा ग्रेगोर मेंडेल आपल्या मठात मधमाश्याही पाळत असे. निरनिराळ्या माश्यांचा संकर करण्याचे त्याचे प्रयत्न याच अडचणीपाशी अडले. विकत आणलेल्या शांत राणीच्या मुली शेजारच्या कोणत्याही नरांकडे जात, आणि दोन-तीन पिढ्यांत शांतपणा विरून जाई.

११/
या अडचणीवर चिकाटीने मात करणारा माणूस म्हणजे ब्रदर ॲडम. मूळ नाव कार्ल केहर्ले, जन्म १८९८, जर्मनी. अकराव्या-बाराव्या वर्षी तो इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बकफास्ट मठात आला. त्याच सुमारास ‘आइल ऑफ वाइट’ नावाने ओळखली गेलेली साथ ब्रिटनमधल्या माश्यांचा फडशा पाडत होती. १९१६ पर्यंत मठाच्या ४६ वसाहतींपैकी ३० संपल्या. उरलेल्या १६ वसाहती इटालियन रक्ताच्या किंवा त्या संकराच्या होत्या. कोणते रक्त टिकते हे या तरुण संन्याशाने डोळ्यांनी पाहिले.

१२/
१९२५ मध्ये त्याने डार्टमूरच्या ओसाड माळावर, इतर पेट्यांपासून दूर, राण्यांच्या संगासाठी एकांत जागा उभारली. तिथे नर कोणते असावेत हे आता मठ ठरवत होता. पुढे अनेक दशके निवड चालली : रोगाला कोण टिकते, मध कोण साठवते, आणि उघड्या हाताखाली शांत कोण राहते. चिडखोर पेटीची राणी काढली जाई, शांत पेटीची वाढवली जाई. यातून जी ‘बकफास्ट’ माशी घडली, ती आजही सौम्यतेसाठी नावाजली जाते. दुसरीकडे १९२६ मध्ये लॉइड वॉटसन यांनी राणीचे कृत्रिम रेतन करून दाखवले होते.

१३/
येथे एक गोष्ट लक्षात येते. शांत वाण हा एकदा मिळवून कपाटात ठेवण्याचा दागिना नव्हता. ती रोजची राखण होती. दर पिढीत कोणीतरी निवड करत होते, म्हणून माशी शांत राहत होती. दोन भिन्न वाणांचा बेफिकीर संकर झाला तर नातवंडे दोन्ही आजी-आजोबांपेक्षा तापट निघू शकतात, हा युरोपातील मधपाळांचा वारंवारचा अनुभव होता. राखण थांबली तर काय होते, याचा सर्वांत मोठा धडा मात्र दक्षिण अमेरिकेत मिळणार होता.

१४/
ब्राझीलमध्ये युरोपीय मधमाशी १८३९ मध्ये पोर्तुगालहून आली. त्याआधी तेथील आदिवासी डंख नसलेल्या देशी माश्यांचा मध घेत. युरोपची माशी शांत होती, पण उष्ण कटिबंधात रमली नाही. हिवाळ्यासाठी साठा करण्याचा तिचा स्वभाव अशा देशात फुकट जात होता, जिथे हिवाळाच नव्हता. एवढा विशाल, फुलांनी भरलेला देश मधाच्या उत्पादनात मागेच राहिला. उष्ण हवेला मानवेल अशी माशी घडवण्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास वॉरविक एस्तेवाम केर यांच्यापुढे आला.

१५/
केर यांचा जन्म १९२२ चा. ते मधमाशीच्या आनुवंशिकतेचे जाणकार होते, आणि गंमत अशी की त्यांचे आवडते संशोधन डंख नसलेल्या माश्यांवर होते. १९५६ मध्ये ते आफ्रिकेत गेले. दक्षिण आफ्रिका व तेव्हाचा टांगानिका येथून त्यांनी राण्या पाठवल्या. प्रवासात बऱ्याच मेल्या. पन्नासहून कमी जगल्या. ही उपजात स्कुटेलाटा : सवाना गवताळ प्रदेशातली, उष्णतेला सरावलेली, झपाट्याने वाढणारी आणि अतिशय तापट.

१६/
तिचा तापटपणा हा दुर्गुण नव्हता. तो तिचा इतिहास होता. आफ्रिकेत मध लुटणारे शत्रू अनेक. जाड कातडीचा मधखाऊ रॅटेल आणि धूर करून पोळे ओरबाडणारा माणूस हे त्यांतले प्रमुख. जी वसाहत संथ बसली ती लुटली गेली. जी तुटून पडली किंवा वेळीच घर सोडून उडाली, तिचे वंशज उरले. युरोपात माणसाने शांत माशी निवडली, आफ्रिकेत संकटांनी तापट माशी निवडली. निवड दोन्हीकडे झाली; निवडणारे हात तेवढे वेगळे होते.

१७/
केर यांना हे ठाऊक होते. आफ्रिकी माशीचा उत्साह आणि युरोपीय माशीची सौम्यता संकरातून एकत्र आणायची, अनेक पिढ्या पारखून मगच मधपाळांना द्यायची, असा त्यांचा बेत होता. राणी बाहेर पडू नये म्हणून पेट्यांच्या दारांना जाळी लावली होती. १९५७ मध्ये तेथे आलेल्या एका मधपाळाने ती काढून टाकली. अशा जाळीत कामकरी माश्यांच्या पायांवरचा परागही गळून पडतो. चूक लक्षात येईपर्यंत २६ थवे गेले होते. प्रयोगातील ‘निवड’ हा अर्धा भाग घडायचाच राहून गेला.

१८/
रानात त्यांना थांबवणारे कोणी नव्हते. आफ्रिकी वसाहत वर्षातून अनेकदा फुटते आणि नवा थवा दूर जाऊन बसतो. तिचे नरही विपुल. त्यामुळे मधपाळाच्या पेटीतली युरोपीय तरुण राणी संगासाठी उडाली की आकाशात बहुतेक आफ्रिकी वंशाचेच नर भेटत. म्हणजे पेटी तीच, मालक तोच, आजी शांत, आणि नाती तापट. काही भागांत ही लाट वर्षाला तीनशे ते पाचशे किलोमीटर वेगाने सरकली. १९८२ मध्ये ती पनामात होती, १९८६ मध्ये मेक्सिकोत.

१९/
नुकसान खरे होते. परसात, गोठ्याशेजारी ठेवलेल्या पेट्या एकाएकी बिथरू लागल्या. बांधलेली गुरे, घोडे, कोंबड्या पळू न शकल्याने मेल्या, माणसेही मेली. केर यांनी पुढे इटालियन राण्यांचे वाटप करून स्वभाव निवळवण्याचा प्रयत्न केला. परंतु वर्तमानपत्रांना तोवर ‘खुनी माशी’ हे नाव सापडले होते. १९७८ मध्ये हॉलिवूडने ‘द स्वॉर्म’ हा भयपट काढला. माशी माणसाच्या शोधात हिंडत नाही, ती फक्त घर राखते, हे सांगणारा आवाज या गदारोळात बुडाला.

२०/
केर यांच्या वाट्याला दुहेरी शिक्षा आली. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. केर मानवी हक्कांचे उघड कैवारी. त्यांना दोनदा अटक झाली. त्यांना बदनाम करू पाहणाऱ्यांच्या हाती माशांचे प्रकरण आयतेच होते. तरीही विज्ञानाच्या प्रसारासाठी झटणाऱ्या ब्राझीलच्या राष्ट्रीय संस्थेचे ते अध्यक्ष झाले, आणि पुढे अमेझॉन संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक. मात्र सामान्य माणसाच्या तोंडी त्यांची ओळख एकच राहिली : खुनी माश्या आणणारा.

२१/
शास्त्रज्ञांनी दरम्यान भीतीला मोजमाप दिले. पद्धत साधी : वसाहतीच्या दाराशी चामड्याचा छोटा काळा चेंडू हलवायचा, पहिला डंख किती सेकंदांनी बसतो ते पाहायचे आणि शेवटी चेंडूत रुतलेल्या नांग्या मोजायच्या. ब्राझीलमध्ये आंतोनियो कार्लोस स्टॉर्ट यांनी १९७० च्या दशकात अशा चाचण्यांवरून स्वभावाची आनुवंशिकता तपासली. आफ्रिकी वंशाच्या वसाहती फार लवकर चवताळत आणि कितीतरी पट अधिक डंख मारत. पण आकड्यांनी आणखीही काही दाखवले : सगळ्या वसाहती सारख्या नव्हत्या. काही तापट होत्या, काही बऱ्याच निवळ. निवडीला वाव शिल्लक होता.

२२/
ब्राझीलच्या मधपाळांनी हळूहळू तडजोड शोधली. पेट्या घरापासून व गोठ्यापासून दूर नेल्या. एकाच बाकावरच्या रांगा मोडून प्रत्येक पेटी वेगळी ठेवली, म्हणजे एक चिडली तर शेजारच्या बिथरू नयेत. जाड पोशाख शिवले, धुराची मोठी यंत्रे घेतली, अतितापट पेट्यांच्या राण्या बदलल्या. बदल्यात त्यांना भरपूर मध मिळाला. शिवाय जगभर वसाहती मारणाऱ्या व्हॅरोआ या परजीवी कोळ्यापुढे ही माशी औषधांवाचून तग धरते, असे दिसले. आज ब्राझील मधाच्या प्रमुख निर्यातदार देशांत गणला जातो.

२३/
ऑक्टोबर १९९० मध्ये टेक्सासच्या हिडाल्गो गावात पहिला थवा सापडला आणि अमेरिकेने श्वास रोखला. परंतु कथेचे आश्चर्यकारक प्रकरण मुख्य भूमीवर घडले नाही. १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको या बेटावर आफ्रिकी वंशाच्या माश्या आढळल्या. पहिली काही वर्षे तिथेही डंखांच्या त्याच तक्रारी आल्या. नंतर तक्रारी विरळ होत गेल्या. मधपाळ पुन्हा सैल होऊन पेट्या उघडू लागले.

२४/
२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे अनुभव पक्के केले. बेटावरील माश्या रक्ताने आफ्रिकी वंशाच्याच होत्या, व्हॅरोआला तोंड देण्यातही तशाच. पण डंखांच्या चाचणीत त्या युरोपीय माश्यांइतक्या सौम्य ठरल्या. केर यांनी १९५६ मध्ये कागदावर मांडलेली माशी जवळपास हीच होती! २०१७ मध्ये त्यांच्या जनुकसंचाचे वाचन झाले. त्यात एखाद-दुसरा नवा जनुक उगवलेला नव्हता. आधीपासून असलेल्या विविधतेतून अनेक ठिकाणी निवड घडल्याच्या खुणा होत्या. कालावधी : सुमारे एक तप.

२५/
हे केले कोणी? संशोधकांचे अनुमान असे की बेटाच्या परिस्थितीने. प्वेर्तो रिको दाट वस्तीचे. माशीला माणसापासून दूर जायला जागा नाही. जी वसाहत अंगावर येई तिचा बंदोबस्त लोक करत, जी निमूट राही ती दुर्लक्षिली जाई. बाहेरून नवे तापट नर येण्याची वाट समुद्राने अडवली होती. ब्रदर ॲडमने माळावर जो एकांत मुद्दाम उभा केला, तो इथे निसर्गाने दिला; आणि चिडखोर राणी काढण्याचे काम बेटाच्या रहिवाशांनी, आपण काय घडवतो आहोत हे न जाणता, पार पाडले.

२६/
केर २०१८ मध्ये ९६ व्या वर्षी निवर्तले. मृत्युलेखांच्या मथळ्यांतही खुनी माश्याच होत्या. पण त्यांची मूळ कल्पना, म्हणजे चिवटपणा आणि सौम्यता एका माशीत नांदू शकतात, ही चुकीची नव्हती. चुकली ती एक जाळी. कार्निओलाच्या करड्या माशीपासून प्वेर्तो रिकोपर्यंतचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा पट पाहिला तर ‘शांत जात’ आणि ‘खुनी जात’ हे शब्द अपुरे पडतात. कोणत्या वसाहतीला पुढची पिढी मिळाली आणि कोणत्या वसाहतीला नाही, एवढाच हिशेब त्यामागे असतो. आणि तो हिशेब प्रत्येक उन्हाळ्यात, प्रत्येक राणीबरोबर नव्याने मांडला जातो.